जबरदस्तीच्या खुणा

फॉर्मवर अकरावा प्रश्न होता:
घरात आपल्याखेरीज आणखी कोण राहतं?
चार वर्षांपूर्वी मी लिहिलं, कोणी नाही.
डेन्झिलला जाऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते.
त्याचे रबरी बूट दारातच होते,
पण बुटांना कोणी रहिवासी म्हणत नाही.

मग बॉयलर बसला.
फाल्मथची खारी हवा लोखंड खाते,
तिथं पेन्शनचं काय घेऊन बसलात.
गळ, जाळी आणि मेलेले रेडिओ हलवून
मागची खोली मी भाड्याने दिली.
गोदीत वेल्डिंग करणारा गुंटिस आला,
लाटव्हियाचा, मान जरा वाकवून चालणारा,
आमच्या चौकटी बुटक्या म्हणून.
आठवड्याला नव्वद पौंड, विजेसकट.

विमा कंपनीला कळवलं नाही.
लपवलं असंही नाही, राहून गेलं.
एखादी गोष्ट कशी राहून जाते
ते ज्यांच्या घरात कोणी राहत नाही
त्यांनाच ठाऊक.

पण मार्चमध्ये हेडली रोच्या वरच्या मजल्यावर
भाडेकरूची तेलाची कढई पेटली.
छप्पर गेलं. कंपनीने एक पेनी दिली नाही,
म्हणाली, हा इसम आमच्या कागदावर नाही.
हेडली आता बहिणीकडे सोफ्यावर झोपतो
आणि भेटेल त्याला कलम नऊ वाचून दाखवतो.

मी फोन लावला.
बावीस मिनिटं बासरी ऐकली.
मग एक मुलगी, आवाजावरून सर्दी झालेली.
त्यांचं तुमच्याशी नातं काय?
भाडेकरू.
नातेवाईक नाहीत? मित्र?
भाडेकरू, मी म्हटलं, जरा मोठ्यानेच,
आणि स्वयंपाकघरातला चमचा ढवळायचा थांबला.
मोतीबिंदू काढला तेव्हा सहा आठवडे, दिवसातून चारदा,
ज्याने माझ्या डोळ्यांत थेंब घातले
त्याच्यासाठी तिच्याकडे दुसरा रकाना असता
तर मी तोही भरला असता.

वर्षाला अडतीस पौंड जास्त, ती म्हणाली.
त्यांच्या सामानाची जबाबदारी आमची नाही.
(त्याचं सामान म्हणजे एक बॅग
आणि आईने विणलेले अकरा जोड हातमोजे.)
आणि चोरी झाल्यास,
दार किंवा खिडकी जबरदस्तीने फोडल्याच्या खुणा हव्यात.
मी विचारलं, आणि किल्ली असलेल्याने नेलं तर?
तर ते आम्ही धरत नाही.
ती हे वाचून दाखवत होती, तिचा काय दोष.
मी मात्र आईची अंगठी ठेवलेल्या बरणीकडे पाहिलं,
आणि पाहिलं म्हणून मला माझीच लाज वाटली.

त्यांच्या खोलीला स्वतंत्र कुलूप आहे?
कुलूप कसलं, साधी कडी नाही.
दमट हवेने दार फुगतं,
पुठ्ठ्याची घडी कोंबून लावावं लागतं.
बरं झालं, ती शिंकून म्हणाली,
नाहीतर नियम बदलतात. म्हणजे हे एकच घर धरायचं.
काय म्हणालात?
एकच घर, मॅडम.
लाइन स्वच्छ होती. तरी मी तिला पुन्हा म्हणायला लावलं.

फोन ठेवला तेव्हा त्याचं सूप ओतून झालं होतं.
दोन वाट्या.
भाडेकरू, तो म्हणाला, शब्द जिभेवर तोलत,
माझ्या भाषेत याला लांबलचक शब्द आहे.
पुढे काही बोलला नाही. मीही नाही.
मीठ कमी होतं.

पत्र आलं, ड्रॉवरमध्ये गेलं.
परवा सकाळी पाहते तर
दारातले डेन्झिलचे बूट नाहीत.
मी खरोखर वाकून पाहिलं, या गुडघ्यांनी:
कुलूप शाबूत, चौकटीवर ओरखडा नाही.
दिवसभर ती रिकामी जागा
भांडी घासताना, कपडे वाळत घालताना
डोळ्यांना लागत राहिली.
रागावले होते का? सांगता येत नाही.

संध्याकाळी बूट परत जागेवर,
ओले, टाचेला गोदीचा काळा चिखल,
आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले,
नीट वाळावेत म्हणून.